बाजू संपेपर्यंत

आमच्या पिढीतल्या मुंबईकर मराठी घरांचा दिवस रेडिओवर उजाडायचा आणि रेडिओवरच मावळायचा. सकाळची भक्तिगीतं, वनिता मंडळ, कामगारसभा, बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. अशा घरात जॅझ कसा शिरला, असं आमची मुलं आता विचारतात. खरं सांगायचं तर तो आमच्याही आधी घरात येऊन बसला होता, फक्त त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सगळ्यांचे सी. रामचंद्र, यांनी १९५१ सालच्या 'अलबेला'ला संगीत दिलं, तेव्हा त्यांच्या मदतीला चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक होता. खरं नाव अंतोनिओ झेव्हियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'ची गाणी गुणगुणत आमच्या आया पोळ्या लाटत होत्या आणि त्या गाण्यांमधली ट्रम्पेटची तान आम्ही पाळण्यात ऐकत होतो.

गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली. रात्री हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला, असा त्यांचा दिवस. लिहिलेलं वाचून वाजवणारे वादक मुंबईत दुसरे फारसे नव्हते, म्हणून सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांच्या हातून हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडला. हॉटेलांत ते जे वाजवत, ते त्यांनी त्याही आधी आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांकडून उचललं होतं. लिऑन ॲबीचा बँड १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर पुढे हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात हा सगळा इतिहास नोंदवून ठेवला आहे. ज्यांच्या घरात 'अलबेला' वाजला, त्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पण गाण्याच्या आडून ऐकणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. दादरच्या आमच्या एकत्र घरात ते समोर बसवणं थोरल्या काकांनी केलं. काका बँकेत होते. जेवणं आटोपली, अंथरुणं पडली की ते मर्फीच्या रेडिओला कान लावून लघुलहरींवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' शोधत बसत. विलिस कॉनोव्हर या निवेदकाचा जॅझचा कार्यक्रम तिथे १९५५ पासून लागत असे. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं 'टेक द ए ट्रेन' आणि मग कॉनोव्हरचा तो खोल, सावकाश आवाज. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांनाही कळावं म्हणून तो शब्द न् शब्द सुटा करून बोलायचा. आवाज मध्येच समुद्रात बुडाल्यासारखा खाली जायचा, मग काका एरियलची तार आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात देत आणि आम्ही ती खिडकीच्या गजाशी धरून उभे राहत असू. काकांच्या मांडीवर वही असे. ऐकू येईल तसं ते देवनागरीत लिहून घेत: कोण वाजवतंय, कशावर वाजवतंय, सोबत कोण. थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, आर्ट टेटम ही नावं आम्ही इंग्रजीत वाचण्याआधी काकांच्या मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरांत वाचली.

रेकॉर्ड मिळवणं हा पुढचा खटाटोप. डमडमच्या कारखान्यात एचएमव्ही ज्या रेकॉर्डी काढत असे, त्यांत जॅझ मोजकाच. परदेशी एलपी म्हणजे जकात, परवाने आणि महिन्याच्या हिशेबात न बसणारी किंमत. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये उभं राहून ऐकायला मिळायचं, त्यावर कितीतरी शनिवार निघाले. चोरबाजारात नशीब असलं तर एखादी चांगली तबकडी गवसायची. बाकी सगळी भिस्त माणसांवर. व्यापारी जहाजावर नोकरी करणारा कुणाचा भाऊ, विमान कंपनीतला कुणाचा जावई, अमेरिकेत शिकायला गेलेला आत्येभाऊ. येणाऱ्याच्या बॅगेत दोनच एलपी बसत आणि त्या दोन कुठल्या मागवायच्या यावर दादर-माहीम-गिरगावातली पाच-सहा घरं महिनाभर खल करीत. एका घराने आणलेली रेकॉर्ड सगळ्यांची असे.

त्यातूनच रविवार सकाळची बैठक सुरू झाली. ती आमच्याकडेच भरायची, कारण आमच्या दिवाणखान्यात माणसं मावत आणि घरातल्या कुणाची तक्रार नव्हती. माहीमहून एक गोंयकार अंकल येत, ते स्टुडिओत व्हायोलिन वाजवत. पारशी कॉलनीतले एक काका येत, त्यांच्याकडे सगळ्यात चांगला गॅरार्ड टर्नटेबल होता. पुढे त्यांनी तो आमच्याकडेच ठेवून दिला. शेजारच्या इमारतीत तबल्याचे एक मास्तर राहत, तेही हळूहळू येऊन बसू लागले. आमची आत्या गिरगावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, ती रविवारी मुद्दाम माहेरी येई. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ते आतल्या खोलीच्या दारात आरामखुर्ची टाकून बसत.

नियम काकांनी ठरवलेले. ज्याने रेकॉर्ड आणली त्याने सुरुवातीला दोन वाक्यं बोलायची, जास्त नाही. कव्हर हातोहात फिरेल. सुई टेकली की बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, मधलं गाणं उडवायचं नाही, उठून पाणीसुद्धा प्यायचं नाही. बाजू संपली की पोहे. मग बोलणं, आणि ते दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं. आम्हा मुलांना बसायची मुभा होती, अट एकच, हलायचं नाही. मखमली फडक्याने रेकॉर्ड पुसायचं काम आमचं. ते आतून बाहेर नव्हे, चरांच्या दिशेने गोल पुसायचं असतं, हे आम्हाला शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ झालं होतं.

पियानोवादक ब्रुबेकची 'टाइम आउट' पारशी काकांनी आणली. १९५९ सालची रेकॉर्ड. तिच्या पहिल्या बाजूचा शेवट 'टेक फाइव्ह'ने होतो. पोहे येण्याआधीच मास्तर मांडीवर बोटं मोजू लागले. तीन आणि दोन, तीन आणि दोन, पाच मात्रांचं आवर्तन. ड्रम्सवर जो मोरेलो एकटा वाजवायला लागतो, तेव्हा मागे पियानो तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. मास्तरांनी तिथेच हात वर केला. बोलायचं नाही म्हणून बोलले नाहीत, पण बाजू संपल्याबरोबर म्हणाले, "अहो, हा लेहरा धरलाय! तबल्याच्या सोलोला पेटी धरते तस्सा." त्या दिवसापासून आमच्यातल्या कुणालाही ड्रम-सोलो म्हणजे नुसती दणादण वाटली नाही. त्याच बाजूच्या पहिल्या गाण्यात, 'ब्लू राँडो'मध्ये, नऊ मात्रा आहेत. दोन-दोन-दोन-तीन अशी तीनदा आणि चौथ्यांदा तीन-तीन-तीन. ही चाल ब्रुबेकने इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली. १९५८ च्या ज्या दौऱ्यात तो तुर्कस्तानात गेला त्याच दौऱ्यात तो हिंदुस्थानातही आला होता आणि मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून त्याने वाजवलं होतं. हे मास्तरांना कळल्यावर त्यांनी ती रेकॉर्ड आठवडाभरासाठी घरी मागून नेली. त्यांच्या घरी रेकॉर्डप्लेअर नव्हता. ते रोज संध्याकाळी ती बगलेत मारून आमच्याकडे यायचे, ऐकायचे आणि पुन्हा घेऊन जायचे.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर मात्र आमच्या घरात जे घडलं ते मला सविस्तर सांगायचं आहे.

ही रेकॉर्ड न्यू यॉर्कमध्ये कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. माइल्सचा ट्रम्पेट, जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली यांचे सॅक्सोफोन, बिल एव्हान्सचा पियानो, एका गाण्यापुरता विंटन केलीचा, पॉल चेंबर्सचा बास, जिमी कॉबचे ड्रम्स. कव्हरच्या मागे एव्हान्सने स्वतः लिहिलेलं टिपण आहे, त्यात त्याने जपानी कुंचल्याच्या चित्रकलेचा दाखला दिलाय. रेषा एकदा उमटली की खोडता येत नाही, तशी ही उत्स्फूर्तता. आत्याने ते टिपण सगळ्यांना मराठीत सांगितलं. मग पहिलं गाणं, 'सो व्हॉट'. बास मुखडा म्हणतो, पियानो दोन स्वरसमूहांनी हुंकार भरतो. मग माइल्स सुरू करतो आणि त्याच क्षणी कॉबची झांज लांब घुमते. आजोबा आरामखुर्चीत ताठ बसले. बाजू संपल्यावर म्हणाले, "हा काफी आहे." आणि होताच तो. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. राग म्हणायचा नाही, पण थाट काफीचाच. आजोबांनी पेटी बाहेर काढायला लावली. षड्ज पांढरी दोनला. मधल्या भागात सगळं जसंच्या तसं काळी दोनवर सरकतं आणि पुन्हा पांढरी दोनवर येतं, हेही त्यांनी दुसऱ्या ऐकण्यात पकडलं.

पण पेटी जुळेना. रेकॉर्ड किंचित चढी लागत होती. पुढची पट्टी गाठण्याइतकी नव्हे, मधेच कुठेतरी. आजोबा अस्वस्थ झाले. काका म्हणाले, टर्नटेबल जोरात फिरत असेल. पारशी काकांना ते लागलं. त्यांनी वेग तपासायची ठिपक्यांची चकती आणून दाखवली, टर्नटेबल बिनचूक फिरत होता. मग पेटी उतरली असेल, असं कुणीतरी म्हणालं. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बाजू उलटायला सांगितली. दुसऱ्या बाजूला 'ऑल ब्लूज', सहा मात्रांची चाल, दादऱ्यासारखी झुलणारी. षड्ज पांढरी पाच, स्वर खमाजाचे. पेटी तंतोतंत मिळाली. सुई तीच, मोटर तीच, पेटी तीच, खोली तीच. पहिली बाजू चढी आणि दुसरी बरोबर. "त्यांच्याकडेच काहीतरी झालंय," आजोबा म्हणाले, "तिकडे, वाजवताना नाही, भरताना." गोंयकार अंकलनी खिशातून स्वर मिळवायचा काटा काढून पुन्हा पडताळून पाहिलं आणि मान डोलावली. काकांनी वहीत नोंद केली: 'बाजू १, पट्टी चढी. कारण अज्ञात.'

कारण सगळ्या जगाला कळायला १९९२ साल उजाडावं लागलं. २ मार्चला स्टुडिओत दोन टेपयंत्रं चालू होती आणि त्यातलं मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की स्वर चढतो. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या दिवसाची, म्हणून ती चढी. दुसरी बाजू एप्रिलमधली, म्हणून ती बरोबर. १९९२ च्या आवृत्तीसाठी दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त केलं गेलं. तेहेतीस वर्षं लाखो लोक ती बाजू चढी ऐकत होते. दादरच्या एका घरात भजनाची पेटी वाजवणाऱ्या माणसाने ती एका सकाळी पकडली होती, आणि ती एकट्याने पकडता आली नसती. चकती पारशी काकांची, काटा अंकलचा, रेकॉर्ड कुणा चौथ्याचीच.

नवी सीडी घरात आली तेव्हा आजोबा नव्हते. काकांनी त्यांची पेटी काढून पांढरी दोन दाबून धरली आणि 'सो व्हॉट' लावलं. मिळालं. काकांनी जुनी वही शोधून 'कारण अज्ञात'वर काट मारली आणि बाजूला कारण लिहिलं.

कोलट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' आत्याने आणली. डिसेंबर १९६४ मध्ये एका बैठकीत झालेली, चार भागांची. शेवटच्या भागात कोलट्रेन सॅक्सोफोनवर काय वाजवतोय ते पहिल्यांदा कुणाला उमगलं नाही. ताल सुटलेला, चाल अशी नाही, एकेक लांब वाक्य आणि मग थांबणं. आत्याने कव्हर उघडलं. आत कोलट्रेनने स्वतः लिहिलेली देवाची प्रार्थना छापलेली होती. तिने ती मांडीवर ठेवली, सुई पुन्हा त्या भागावर टेकवायला सांगितली आणि ओळीखाली बोट फिरवू लागली. सॅक्सोफोन तेच शब्द म्हणत होता, अक्षरागणिक. वाक्य संपलं की आत्याचं बोट ओळीच्या टोकाला पोचलेलं. आम्ही मुलं तिच्या खांद्यांवरून वाकून बघत होतो. नियम मोडला होता, सुई मधेच टेकवली होती, पण काका काही बोलले नाहीत. याच कोलट्रेनने पुढच्या वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं, हे आम्हाला पुष्कळ उशिरा समजलं.

सगळ्याच रेकॉर्डींशी इतकं सूत जुळलं नाही. एलिंग्टन १९६३ साली मुंबईला येऊन गेला होता. त्या दौऱ्यावरून त्याने आणि बिली स्ट्रेहॉर्नने रचलेली 'फार ईस्ट सूट' आली तेव्हा आम्ही तिच्यात आग्रा आणि दिल्लीची मैना शोधली, आनंदही झाला, पण ती पुन्हा मागून कुणी नेली नाही. ऑर्नेट कोलमनची 'सायन्स फिक्शन' बहुतेकांना पेलली नाही. तरीही तिच्यात आपल्या मुंबईची आशा पुथली गाते म्हणून तिची दोन गाणी पुन्हा पुन्हा वाजली. बिल एव्हान्सची 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' सगळ्यांना आवडली. तिच्यात श्रोत्यांच्या पेल्यांचे आवाज येतात, लोक बोलतात. ती २५ जून १९६१ ची, आणि बास वाजवणारा स्कॉट लफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. काकू जॅझ ऐकायला कधी बसल्या नाहीत, पण ही लागली की त्या स्वयंपाकघरातला नळ बंद करायच्या.

सॉनी रॉलिन्स मात्र आमचा माणूस झाला. 'सॅक्सोफोन कोलोसस' ही रेकॉर्ड २२ जून १९५६ रोजी झाली ती न्यू जर्सीत हॅकेनसॅकला, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात घरच्या बैठकीच्या खोलीत जगातली उत्तम रेकॉर्डिंगं करायचा. पुढे १९५९ मध्ये त्याने जवळच इंगलवुड क्लिफ्सला खास स्टुडिओ बांधला. 'अ लव्ह सुप्रीम' तिथली. आमचा आत्येभाऊ न्यू जर्सीत नोकरीला लागल्यावर एका रविवारी तिथवर गाडी घेऊन गेला, बाहेरून इमारत बघितली आणि काकांना पत्र लिहिलं. ते पत्र रेकॉर्डच्या कव्हरात अजून आहे. दिवाणखान्यात झालेली रेकॉर्ड आपण दिवाणखान्यात ऐकतो, याचं काकांना फार अप्रूप होतं.

हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस काही महिने मुंबईत पवईच्या आश्रमात राहून योग आणि वेदान्त शिकला होता. तेव्हा आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. पण १९७८ च्या फेब्रुवारीत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने पहिली 'जॅझ यात्रा' भरली आणि धोबी तलावच्या रंगभवनात रॉलिन्स वाजवायला आला, तेव्हा आमचं अख्खं घर तिथे होतं. रंगभवन उघड्यावरचं, वर आकाश, बाजूला झेवियर्स कॉलेज. काकूंनी थालीपिठं बांधून दिली होती. आमच्या मागच्या रांगेत स्टुडिओतले गोव्याचे वादक बसले होते आणि अंकल त्यांच्यातल्या प्रत्येकाला ओळखत होते. रॉलिन्स वाजवता वाजवता व्यासपीठावर येरझारा घालायचा, सॅक्सोफोनचं तोंड कधी लोकांकडे, कधी आभाळाकडे. एक छोटा तुकडा तो घ्यायचा, उलटायचा, तोडायचा, पुन्हा जोडायचा आणि आपण हरवलोय असं वाटत असतानाच नेमका मुखड्यावर यायचा. मास्तर त्या क्षणी मोठ्याने "क्या बात है" म्हणाले. मागच्या रांगेतून अंकलच्या मित्रांनी टाळी दिली. रंगभवनातले मोठे कार्यक्रम २००३ पासून बंद झाले, शांतता क्षेत्र म्हणून. आता त्या बाजूने जाताना आमच्यातला प्रत्येक जण त्या भिंतीकडे एकदा पाहतोच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि देवाणघेवाण दसपट वाढली. मुसाफिरखान्यातून टीडीकेच्या कोऱ्या कॅसेट आणायच्या, एका बाजूला एक एलपी, दुसऱ्या बाजूला दुसरी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, 'काइंड ऑफ ब्लू' पावणेसेहेचाळीसच्या आसपास. त्यामुळे दादर ते डोंबिवली जिथे जिथे आमची कॅसेट पोचली, तिथे तिथे 'फ्लॅमेन्को स्केचेस'चा शेवटचा श्वास कापला गेलेला होता. कीथ जॅरेटची 'कोल्न कॉन्सर्ट' आम्ही अशीच कॅसेटवर ऐकली. २४ जानेवारी १९७५ ला, चुकीचा आणि बिघडलेला छोटा पियानो समोर आला असताना, रात्री साडेअकराच्या पुढे सुरू झालेली एकट्याची तासाभराची मैफल. वरच्या सप्तकात तो पियानो पातळ वाजायचा, म्हणून जॅरेट मधल्या सप्तकातच रमला आणि डाव्या हाताने ठेका धरून राहिला. आमच्या एका चुलत बहिणीने ती कॅसेट इतकी ऐकली की फीत ताणली. ती पुढे पियानो शिकली आणि आज पुण्यात शिकवते.

या सगळ्याचा हिशेब काकांच्या दुसऱ्या वहीत आहे, उसनवारीच्या. रेकॉर्ड कुठली, कुणी नेली, केव्हा, परत केव्हा, शेरा. शेऱ्यात कुठे 'ओरखडा, बाजू २', कुठे 'कव्हर भिजलं', आणि बहुतेक ठिकाणी नुसतं 'उत्तम'. परत आलेल्या रेकॉर्डच्या कव्हरात चिठ्ठी असायची, हा कुणी न घातलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम. 'दुसऱ्या बाजूचं पहिलं दोनदा ऐका.' 'बासकडे लक्ष द्या.' 'आईलाही आवडली.' त्या चिठ्ठ्या आम्ही कधी काढून टाकल्या नाहीत. आमच्याकडे एकूण रेकॉर्डी थोड्याच होत्या, पण त्या आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होत्या, आणि पाठ झाल्या त्या एकमेकांच्या कानांनी. आजही मला पाच मात्रा ऐकू येतात त्या मास्तरांच्या बोटांवर. स्वर मिळालाय की नाही हे आजोबा ठरवतात. कोलट्रेन वाजवायला लागला की आत्याचं बोट ओळीखालून सरकतं. फोनवर आज जगातली प्रत्येक रेकॉर्ड एका टिचकीवर येते, ती सोय मी रोज वापरते आणि तिच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण तिथे शेजारी बसून मांडीवर बोटं मोजणारं कुणी नसतं, आणि माझ्या मते जॅझ कळायला ते माणूस लागतंच.

म्हणून ज्यांच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली, वडिलांच्या कपाटात अजून एलपी पडून असतील त्यांना एक विनंती. त्या रद्दीवाल्याला देण्याआधी कव्हरं उघडून आतल्या चिठ्ठ्या वाचा. एक रेकॉर्ड निवडा, सुई बदलून घ्या आणि जॅझ कधीच न ऐकलेल्या दोघातिघांना रविवारी सकाळी घरी बोलवा. रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' असेल आणि ती १९९२ च्या आधीची असेल, तर दुसरी बाजू आधी लावा. ती पट्टीत आहे.